स्लॅबाचं जेवण

कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये खिळ्याला पांढरा, इस्त्री केलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला बघून मिक्सरचा ड्रायव्हर समद खिदळला.

"काय अंकल, बायल बघूक जातास?"

"ह्या वयात बायल नको माका. जेवक जातंय," कुस्तोदियो म्हणाला.

जामसंड्याबाहेरच्या रेडीमिक्स प्लांटवर त्याचं काम एकच. सायलोतलं, म्हणजे पत्र्याच्या उंच टाकीतलं, सिमेंट खाली उतरतं ठेवायचं. पावसाळी दमट हवेत ते आतल्या आत कमान धरतं. वर टनावारी माल, खाली तोंडात कण नाही. पूर्वी कुस्तोदियो बाहेरून घण मारायचा. माल आणखी दाटून बसायचा आणि पत्र्याला पोचे पडायचे. ते अजून आहेत, देवीच्या व्रणांसारखे. आता सायलोला हवेची टाकी जोडलीय. दाबाचा काटा चढला की टायमरने नाहीतर बटण दाबून ती सोडायची, कोंडलेली हवा एका दणक्यात आत घुसते आणि कमान ढासळते. सगळे तिला तोफ म्हणतात. "लग्नात वाजूक नाय, ती अंकल हय वाजवतत," हा समदचा रोजचा विनोद. कुस्तोदियोही रोज हसतो. दुसरं कोण बोलतंय त्याच्याशी?

तारकर्लीचं घर बंद करून तो इथे एका खोलीत राहतो. निम्म्या तालुक्याच्या डोक्यावरचं सिमेंट त्याच्या हातून उतरलं, पण स्लॅबाच्या दिवशीचं जेवण त्याने कधी खाल्लं नाही. ते वाढतात साइटवर. सायलोवाल्याची आठवण कुणाला? बंदराजवळच्या अलीमियाँची बायको हवाबी चौकशीला आली, तिला मात्र झाली.

"आमचा सिमेंट सोडतलास ते तुमीच काय? मग जोहरच्या नमाजानंतर जेवक येवा हां. सगळ्यांवांगडा बसाक होया."

आज तोच स्लॅब. दुपारच्या जेवणापर्यंत ओतून होईल असा हिशोब होता. पण तिसरा मिक्सर भरताना सिमेंट अडलं. पॅनेलवरचा कौस्तुभ ओरडला, "येत नाही!"

तिकडे अर्धा स्लॅब पडलेला. पुढचा माल उशिरा गेला तर मध्ये सांधा राहणार आणि हवाबीच्या खाटेवर जन्मभर गळणार. तोफेचा टायमर पावसात जळलेला, बटण हातानेच दाबायचं. कौस्तुभला पॅनेल सोडता येईना. कुस्तोदियो दाबायचा, दणका व्हायचा, चार घमेली माल उतरायचा आणि पुन्हा अडायचा. पुन्हा काट्याकडे बघत बसायचं.

फोन वाजला. "खंय रवलास? ताटां वाढली!" हवाबीच्या मागे भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी तोंडात घास धरून हसत होतं. कुस्तोदियोने फोन कानाला घट्ट लावला.

"तुमी बसा. माका माल सोडूचो आसा."

काटा चढला. त्याने बटण दाबलं.

"या अल्ला! ह्या काय?"

"तुमचो स्लॅब," कुस्तोदियो म्हणाला.

उन्हं कलता समद डबा घेऊन आला. "हवाबीन दिल्यान. मटण आसा, सांदणां आसत. स्लॅब एकसंध पडलो, अंकल." तेवढं सांगून तो ड्रम धुवायला गेला, तिथून घरी.

कौस्तुभही गेला. कॉम्प्रेसर बंद झाला.

कुस्तोदियोने हात कोपरापर्यंत धुतले. पिशवीतून शर्ट काढला, अंगात घातला, गळ्याचं बटणसुद्धा लावलं. जेवायला बोलावलं होतं, तर नीटच बसायला हवं. मग पायरीवर बसून, सायलोकडे तोंड करून, त्याने डबा उघडला.