मला वास आधी आला

हडपसरच्या गाडीतळाच्या पुढे मला वास आला. वायरीवरचं प्लास्टिक जळतं त्याचा वास. अकरा वर्षं मी वायरींचंच काम केलेलं, त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. मोटरसायकल सून चालवत होती, मी मागे बसले होते. तिच्या तोंडावर वारा होता, वास मागे माझ्याकडे येत होता. मी बोलले नाही. रामटेकडीच्या सिग्नलपर्यंत गप्प बसले. जाईल वास, असं मनात म्हणत राहिले.

सिग्नलला गाडी थांबली. टाकीखालून धुराची बारीक रेघ निघाली. मी पदर सावरला, उतरले आणि फुटपाथवर जाऊन उभी राहिले. तिला काही सांगितलं नाही. मागचं वजन एकदम कमी झालं म्हणून ती मान वळवून मला शोधायला लागली.

"काय झालं आई?" तिने विचारलं, आणि तेवढ्यात जाळ झाला.

जाळ तिच्या डाव्या मांडीला लागला. सलवार टेरिकॉटची होती, ती कातडीला चिकटली. जाड जीन्स असती तर एवढं भाजलं नसतं. सकाळी ती जीन्स घालूनच खाली आली होती. स्वारगेटला माझ्या बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मी तिला परत वर पाठवून कपडे बदलायला लावले होते.

कोपऱ्यावरच्या रसवाल्याने बर्फावरचं ओलं गोणपाट ओढलं आणि तिच्या पायावर टाकलं. एका रिक्षावाल्याने गाडीवर माती टाकली. मी पिशवी छातीशी धरून उभी होते. पिशवीत बहिणीसाठी डिंकाचे लाडू होते.

ती गाडी आम्ही दोघींनी सुटे भाग जोडून घरीच उभी केली होती. तेव्हा आम्ही येरवड्याच्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून मांजरीला नव्या इमारतीत आलो होतो. मुलगा आणि सून दोघेही कॉम्प्युटरच्या कंपनीत. सून वर्ध्याकडची. तिच्या वडिलांचं तिकडे गॅरेज होतं, ते बंद पडलं होतं. त्यांची जुनी मोटरसायकल तिने सुटी करून ट्रकने मागवली. इंजिन एका पोत्यात, बाकीचं दोन पोत्यांत. लग्नात असली भांडी येत नाहीत, असं मी तेव्हा म्हणाले होते. ती हसली होती.

तिला ती गाडी नव्याने करायची होती, आपल्या मनासारखी. टाकी दुसरीच बसवली, हँडल रुंद घेतलं, सीट स्वतः शिवली. वडिलांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. चालू झाली की इकडे घेऊन ये, मी आवाज ऐकतो, असं ते तिला फोनवर म्हणायचे. पावसाळा संपला की वर्ध्यापर्यंत चालवत न्यायची, हे तिचं ठरलेलं होतं. मुलगा नको म्हणत होता. बायकोने एवढ्या लांब गाडीवर जायचं आणि आपण बसने मागून जायचं, हे त्याला पटत नव्हतं.

जुन्या वायरी कडक होऊन तुटत होत्या, म्हणून सगळं वायरिंग नव्याने करायचं ठरलं. तिने ऑफिसातून नकाशा छापून आणला. सगळा इंग्रजीत. मी चौथीपर्यंत शिकलेली. मी म्हणाले, वाचून काय करायचंय, तू मला फक्त रंग सांग.

मला हे काम येत होतं, निदान मला तसं वाटत होतं. गाड्यांच्या नवनव्या कंपन्या पुण्यात यायला लागल्या तेव्हा हडपसरच्या बाजूला एका शेडमध्ये आम्हा बायकांना काम मिळालं होतं. मोठी लाकडी फळी असायची, तिच्यावर खिळे मारलेले. खिळ्यांच्या मधून रंगीत वायरी टाकत जायचं आणि सगळ्या मिळून टेप गुंडाळायची. साहेब त्याला हार्नेस म्हणत. आम्ही वेणी म्हणायचो. माझी वेणी साहेब इतरांना दाखवायला न्यायचे. अशा हजारो वेण्या मी घातल्या आणि त्या खोक्यांत भरून गेल्या. त्यातली एकही गाडीत बसलेली मी पाहिली नाही.

तर सून रंग सांगायची आणि मी वेणी घालायचे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, पार्किंगमध्ये गोधडी अंथरून. जोड ती द्यायची, सोल्डर तिचं. टेप माझी. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ येता-जाता थांबत. एकदा म्हणाले, "काय काकू, या वयात गाडी शिकताय?" मी म्हणाले, "शिकवायला काढणार आहे. तुमचं नाव पहिलं लिहू का?" पुन्हा थांबले नाहीत.

खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले. मुलगा मला ऑफिसातलं काही सांगत नसे, तुला कळायचं नाही म्हणे. ही मात्र विचारायची. आई, इथून नेऊ की तिथून? ऑफिसात तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की वायरिंग आमच्या आईंनी केलं.

गाडी चालू झाली. दिवा लागला, हॉर्न वाजला. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की सगळं बंद. फ्यूज उडायचा. नवा घातला, पुन्हा उडाला. तिसराही गेला.

ती म्हणाली, "आई, फ्यूज उगाच नाही उडत. कुठेतरी वायर घासून राहिली. तो उडतो म्हणून गाडी वाचते. शनिवारी सगळं उघडून पाहू."

तिने एवढंच म्हटलं. मला ऐकू आलं ते वेगळंच. माझी वेणी चुकली, असं मला ऐकू आलं.

आणि चुकलीच होती. कुठे चुकली तेही मला त्याच क्षणी कळलं. हँडलच्या मानेपाशी वायरींना ढील ठेवावी लागते, कारण हँडल वळतं. शेडमध्ये ती ढील खिळेच ठरवत, आम्हाला विचार करावा लागत नसे. इथे खिळे नव्हते. मी वेणी छान दिसावी म्हणून ताणून घट्ट बांधली होती. हँडल वळलं की वायर लोखंडावर दाबली जात होती.

शनिवारी उघडलं असतं तर तिने ते पाहिलं असतं. कदाचित हसली असती आणि नवी टेप आणली असती. मला ते नको होतं.

शुक्रवारी दोघं कामावर गेल्यावर मी खाली उतरले. येरवड्याला आमच्या चाळीत लाइट गेली की फ्यूज मीच बांधायचे. तांब्याची जाड तार घातली की पुन्हा जायची नाही. शेजारच्या बायका मला बोलवून न्यायच्या. गाडीचा फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी. मी वायर सोलली, आतल्या तांब्याच्या तारा काढल्या आणि त्या नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळल्या. हँडल डावीकडे वळवलं. दिवा जरा मंद झाला, पण विझला नाही. ते मंद होणंही मी पाहिलं.

फ्यूज कशासाठी असतो हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. दोनच दिवसांपूर्वी तिने सांगितलं होतं.

संध्याकाळी मी तिला म्हणाले, एका ठिकाणी टेप सुटली होती, बसवली, फ्यूजही नवा घातला. तिने हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं. दिवा जात नव्हता. तिने फ्यूज काढून पाहिला नाही. माझ्यावर विश्वास ठेवला.

"आई, तुम्ही तर इंजिनियर निघाल्या," ती म्हणाली.

मी म्हणाले, "मग काय. चल, हात धू, जेवायला वाढते." रविवारी सकाळी आम्ही पहिल्यांदा लांब निघालो, आणि ते रामटेकडीला झालं.

हॉस्पिटलमध्ये मुलगा आला तो ओरडतच. शंभरदा सांगितलं होतं, हे खेळ बंद कर म्हणून. माझ्या आईला मागे बसवून नेलंस, तिला काही झालं असतं तर? तिच्या मांडीला पट्ट्या होत्या, तिला बोलतानाही दुखत होतं. ती म्हणाली, "आईंची काही चूक नाही. माझं सोल्डर कच्चं राहिलं."

मी पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. थर्मास माझ्या हातात होता. बोलायची वेळ तीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी झाकणात चहा ओतला आणि म्हणाले, "जाऊ दे आता. चहा घे."

दोन दिवसांनी तिने वडिलांना फोन केला. त्यांचा आवाज मोठा, फोन तिच्या कानाला असूनही मला ऐकू येत होता. ते चिडले होते. जोड दिल्यावर ओढून बघायचा असतो, एवढं लहानपणी शिकवलं होतं ना तुला? ती हो म्हणाली. बाबा, चुकलं माझं, असं म्हणाली. मी शेजारी बसून तिच्यासाठी संत्रं सोलत होते. सोलून झालं, तिच्या हातात दिलं.

फ्यूज जळून गोळा झाला होता, माझ्या तारा त्यातच वितळल्या. कोणाला काही दिसलं नाही. मुलाने गाडी भंगारात देऊन टाकली. तिने अडवलं नाही. पान्यांची पेटी माळ्यावर गेली, ती तिने पुन्हा खाली काढली नाही. ऑफिसला बसने जायला लागली. सावकाश काम करणारी, मन लावून करणारी मुलगी होती, पण त्यानंतर घरातला बल्बसुद्धा तिने स्वतः बदलला नाही. म्हणायची, माझ्या हाताला यश नाही. वडील पुढच्या वर्षी गेले. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला नाही.

तिच्या मांडीवर हाताएवढा डाग आहे. उन्हाळ्यात तो खाजतो. मग ती मला मलम लावून द्यायला सांगते, आणि मी लावून देते. तेव्हाही कधी सांगितलं नाही. तोंडाने बोलणं मला जमणार नाही हे आता कळून चुकलं आहे, म्हणून लिहिलं. ती वाचेल तेव्हा तिला कळेल. पुढे काय म्हणायचं ते तिने म्हणावं.

त्या दिवशी गाडीवर आम्ही दोघी होतो. तिला भाजलं, ती वाचली. मला एक फोडही आला नाही. मीही वाचले.