मेसेज गेला, नोंद राहिली नाही

मंडळी, आज सकाळपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डाचं बुकिंगचं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. सकाळी गेटवरच्या म्हात्रेकाकांचा आमच्या रबाळ्याच्या ऑफिसात फोन आला. "मॅडम, ड्रायवरकडं मेसेज हाय, पन सिस्टीममधी गाडीच नाय."

मागून ड्रायव्हरचा आवाज आला, "ताई, निफाडवरून द्राक्षं आणलीत. अकराची वेळ तुम्हीच दिली ना?"

दिली होती. माझ्याच कोडने.

गेटची वेळ, ड्रायव्हरला मेसेज, गाडीची नोंद, हे सगळं मी डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच गाठोड्यात घातलं होतं. एक पायरी जरी फसली तरी सगळं रद्द, अर्धवट काही उरायला नको. फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. आज मेसेज गेला आणि पुढची नोंद फसली. डेटाबेसने इमानदारीत सगळं पुसलं. ड्रायव्हरच्या मोबाइलमधला मेसेज कोण पुसणार?

यार्डाच्या मॅनेजरना म्हटलं, मी हाताने नोंद टाकते. ते म्हणाले, "त्याची वेळ दुसऱ्याला गेली. आज सगळं फुल आहे. आता कुणाची गाडी काढू?"

ही द्राक्षं ज्या बोटीने परदेशी जायची, ती उद्या पहाटे सुटणार आहे.

मेसेज शेवटी, सगळं पक्कं झाल्यावरच जाईल, असा बदल मी दहा मिनिटांत केला. त्या गाडीला त्याचा काय उपयोग?

संध्याकाळी काकांना फोन लावला. गाडी गेटबाहेरच होती. काका हळूच म्हणाले, "तो मगासपासून इचारतोय, मॅडमचा फोन आला काय?"

फोन माझाच होता, पण त्याच्या गाडीला वेळ अजून मिळाली नव्हती. तुम्ही काय सांगितलं असतं?