पंख्याखालची चिंधी

बडोद्याजवळच्या आमच्या वीजकेंद्रात वाफ थंड करायला प्रचंड पंखे आहेत. दुपारी वारा चढला की कडेच्या पंख्याला हवाच ओढता येईना, आणि वीज कमी पडे. मी वैतागून मोटर बदलायच्या कागदावर सही केली.

मोटर उतरवायला आला तो शहरातल्या घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतला एक फिटर. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याने आधी पंख्याखाली साडीची चिंधी बांधली आणि पतंग बघावा तशी मान वर करून बघत बसला. चिंधी आडवी फडफडत होती.

"साहेब, पंखो बराबर छे. वारा खालून पळून जातोय, त्याला जरा अडवा."

आम्ही वाऱ्याच्या बाजूला जाळी बांधली. चिंधी हळूहळू वर, पंख्याकडे उभी राहिली. मी सहीचा कागद फाडला.

तो मात्र चिंधीकडे बघत, रिकाम्या हातांनी पतंगाचा मांजा सोडावा तशी ढील देत होता.