ईश्वरअप्पांच्या घोड्याचं लोखंड

पेडगावच्या ईश्वरअप्पांना आयुष्यात खोटं बोलायची फारशी गरज पडली नाही. किराणा दुकान त्यांनी सरळ चालवलं, मापात कधी कुणाला फसवलं नाही. फक्त आजोबांचा विषय निघाला की त्यांची जीभ थोडी सैल व्हायची. आजोबांकडे घोडा होता, तोही पांढरा, आणि दारात खिंकाळला की वेशीपर्यंत ऐकू जायचा, असं ते सांगत. तो घोडा कुणी पाहिलेला नव्हता. पण नव्हताच म्हणणारंही कुणी आता उरलं नव्हतं.

नात वैजयंतीची सोयरीक मानवतच्या बसवेश्वरांच्या घरात जमली, तेव्हा बैठकीत घोडा निघालाच. बसवेश्वर कापसाचे व्यापारी, ढिगात हात घालून ओल ओळखणारे. त्यांनी शांतपणे विचारलं, खोगीर, लगाम, काही खूण राहिलीय का? शोधावी लागेल, असं अप्पा म्हणून गेले खरे; पण त्यानंतर त्यांना जेवण गोड लागेना. व्याह्यासमोर शब्द गेला होता.

अप्पांच्या जुन्या घराच्या जागी आता नुसता पांढऱ्या मातीचा ढिगारा. उन्हाळ्यात लोक ती माती शेतात टाकायला नेतात. यंदा अप्पा छत्री धरून तिथंच उभे राहू लागले. एका दुपारी फावडं खणकन वाजलं. निघालं ते हातभर लोखंड. वर जाड कडी, खाली वाकवलेले आकडे, त्यातले दोन गंजून गळालेले. अप्पांनी ते डिझेलमध्ये भिजवलं, घासलं आणि निकाल दिला. कडीला घोड्याचा दोर बांधायचा, आकडे जमिनीत पुरायचे. बायको सिद्धम्मांनी ते पुसायला जुनं फडकं काढून दिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या घोड्याला दाणापाणी करायचं तेवढंच त्यांनी बाकी ठेवलं होतं.

पुढच्या सोमवारी बसवेश्वर आले. लोखंड पाटावर, विभूतीची बोटं ओढून ठेवलेलं. बसवेश्वरांनी ते हातात तोललं, "वजन हाय," एवढंच म्हणाले. तेवढ्यात मेंढपाळाच्या घरच्या सुगंधाबाई आल्या. अप्पांच्या रानात खतासाठी मेंढ्या कधी बसवायच्या, हे विचारायचं होतं. विचारायचं राहिलं आणि त्या पाटाशीच बसल्या. एकेका आकड्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"अप्पा, हा तर आमचा गळ हाय. हिरीत घागर पडली की काढायचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेव्हा आळीत गळ एकट्या त्यांच्या सासऱ्याकडे, येडबांकडे होता. नेणाऱ्यानं तारण म्हणून भांडं ठेवायचं, अशी रीत. अप्पांच्या आजोबांनी तांब्या ठेवून गळ नेला आणि त्याच पावसाळ्यात घराची भिंत बसली, गळ मातीखाली गेला. गळ नाही तर तांब्या कसा मागायचा, म्हणून आजोबा गप्प. तांब्या दिला तर गळ कायमचा गेला, म्हणून येडबा गप्प.

सुगंधाबाई उठल्या आणि चिंचेनं घासलेला तांब्या घेऊन परत आल्या. काठावर नाव कोरलेलं होतं. बसवेश्वरांनी ते चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं, "मल्लप्पा पेडगावकर."

आजोबांची खरी खूण अप्पांनी जन्मात पहिल्यांदा हातात धरली. खूण मिळाली, घोडा गेला. त्यांनी पाटावरचा गळ उचलून सुगंधाबाईंच्या हातात दिला. दोन आकडे गेले त्याचं कसं, असंही विचारलं. असू द्या, आता घागर पडायला हीर तरी कुठं राहिली, असं म्हणत त्यांनी गळ पदरात घेतला.

बसवेश्वरांनी अप्पांकडे पाहिलं. "मंग घोडा, अप्पा?"

सिद्धम्मा चहाचे कप ठेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घोडाच हिरीत पडला आसंल. न्हाईतर यवढा मोठा गळ कशाला आणला आसता?"

बसवेश्वरांना हसताना ठसका लागला. सुगंधाबाई पदर तोंडाशी धरून बसल्या. हसणं ओसरेपर्यंत अप्पा तांब्या फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले,

"पांढरा व्हता."