मिटलेला लॅपटॉप

गेल्या दिवाळीत मी मोठा मॉनिटर आणला, वेगळा कीबोर्ड जोडला आणि लॅपटॉप मिटून टेबलाच्या कडेला वहीसारखा उभा करून ठेवला. मान दुखायची थांबली. फक्त कॅमेरा त्या मिटलेल्या झाकणात राहिला.

आई गावाहून रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायची. माझं गावी जाणं होत नव्हतं. काम करता करता मी बोलायचे. मला ती मोठ्या पडद्यावर दिसायची, तिला माझ्या जागी काळा चौकोन.

"अगं, दिसत नाहीस तू."

"आवाज येतोय ना? मग झालं."

"आवाज काय, रेडिओचाही येतो! केस पांढरे झाले का गं तुझे?"

"झालेत थोडे. दाखवीन एकदा."

झाकण उघडायला दोन सेकंद लागतात. पण मग पडद्यावरची मांडणी विस्कटते, ती परत लावत बसावं लागतं. सोय म्हणताना आपण आपल्याच बाजूची सोय बघतो.

आई जाऊन महिना झाला. काल धूळ पुसताना झाकण उघडलं, कॅमेरा चालू करून बघितला. चित्र स्वच्छ येतं. कानामागचे पांढरे केससुद्धा दिसतात.