बाबांचा डावा हात आणि पुढचा ब्रेक

ब्रेक दाबताना बाबांचा डावा हात स्टीअरिंगवर थोडा वर सरकायचा. अगदी बोटभर. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसत आले, पण हे माझ्या डोळ्यांत भरलं ते गेल्या हिवाळ्यात, आणि तेव्हाही त्याचा अर्थ मला लावता आला नव्हता. अर्थ लागला त्या सकाळची आठवण आली की अजूनही मला हसू येतं. आनंदाचं.

आमची पिकअप वयाने माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे. बाबा तिच्यातून इतवारीच्या बाजारातली भांडी शहरभरच्या दुकानांत पोचवतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे जे सांगणार आहे त्यात माझं शिक्षण किती कामी आलं आणि नशीब किती, हे मला नक्की सांगता येत नाही. म्हणून झालं तसंच लिहिते.

त्या हिवाळ्यात एक दिवस, मी शेजारी बसले असताना, इतवारीतल्या भांड्यांच्या गल्लीत एक हातगाडी अचानक पुढे आली. बाबांनी उजवा हात खिडकीबाहेर काढून हातगाडीवाल्याला थांबायची खूण केली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबता थांबता डावीकडे गेली आणि एका दुकानासमोर रचलेल्या स्टीलच्या गंजांच्या, म्हणजे उभ्या पातेल्यांच्या, उतरंडीला लागली. कुणाला इजा झाली नाही. पण सगळे गंज रस्त्यावर घरंगळत गेले आणि त्या आवाजाने गल्लीभर लोक दारात आले. दुकानदार बाबांच्या जुन्या ओळखीचा होता.

“भाऊ, माल पाहिजे होता तर मांगायचा ना गा. धक्का काहून मारता?”

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते खाली बसून गंज गोळा करत राहिले आणि मधूनमधून स्वतःच्या डाव्या हाताची मूठ उघडून-मिटून पाहत राहिले.

ते काय पाहत होते, हे मला लगेच कळलं, आणि घरी सांगितल्यावर आईलाही. माझ्या आजोबांना लकवा झाला होता, आणि त्याची सुरुवात डाव्या हातापासूनच झाली होती. बाबा तेव्हा शाळेत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीकाकांनी पुढची दोन्ही चाकं काढून ब्रेकचे पॅड पाहिले, ते ठीक होते. मग बाबांना गाडी चालवायला लावून ते शेजारी बसले. बाबांनी दोन-तीनदा ब्रेक मारला. दर वेळी गाडी जागच्या जागी, सरळ थांबली.

“गाडी तर तीरावानी थांबून राहिली, भाऊ,” काका म्हणाले. त्यांना वाटलं, आपण चांगली बातमी दिली. बाबांसाठी त्याहून वाईट बातमी नव्हती. गाडी सरळ, म्हणजे आपणच वाकडे, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. आई त्यांना धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे करून दाबायला सांगितलं, तर बाबांनी ती इतकी दाबली की डॉक्टरच पुरे पुरे म्हणाले. हातात काही दोष नाही, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी मान हलवली, घरी आले, गाडीची किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली आणि आईला म्हणाले की आता एखादा ड्रायव्हर पाहू, नाहीतर गाडी विकून टाकू. ज्या माणसाला जेवतानाही गाडीबद्दल बोलल्याशिवाय घास उतरत नाही, तो माणूस दोन दिवस गाडीकडे पाठ करून बसला.

रविवारी कोराडीच्या एका दुकानात माल पोचवायचाच होता. माझं लायसन नवीन होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या मोटारीवर मी शिकले होते, पिकअपचं स्टीअरिंग हातात घ्यायची मला भीती वाटत होती. तरी मी म्हटलं, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. बाबांनी देवघराच्या फळीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

माल उतरवून परत निघालो तेव्हा तिथल्या वीज केंद्राच्या कॉलनीमागचा सरळ रस्ता रिकामा होता. काचेवर राखेची पातळ साय बसली होती. पुढे एक कुत्रं आडवं आलं म्हणून मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे गेली.

माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की मला येत नाही. बाबांनाही तेच वाटलं. “नवीन हात आहे, बेटा. होते असं,” ते म्हणाले. मी पुढे गेले, मागेपुढे कुणी नाही हे पाहून पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा स्टीअरिंग नुसतं बोटांत धरलं. गाडी शांतपणे, ठरवल्यासारखी डावीकडे निघाली.

आणि एकदम मला तो वर सरकणारा हात दिसला.

प्रॅक्टिकलला आमच्या मॅडम एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तेच ठेवा. इथे गाडी तीच होती आणि बदलला होता फक्त हात. बाबांच्या हातात गाडी सरळ थांबते आणि माझ्या हातात डावीकडे जाते. म्हणजे ती आधीपासूनच डावीकडे ओढत असणार, कितीतरी महिन्यांपासून, हळूहळू वाढत. आणि बाबांचे हात त्यांना न सांगता तिला उजवीकडे वळवून सरळ ठेवत होते; डावा हात वर सरकला की स्टीअरिंग उजवीकडेच वळतं. इतवारीत उजवा हात खिडकीबाहेर होता. एकट्या डाव्या हाताला तेवढं जमलं नाही.

हे सगळं मी बाबांना एका दमात सांगितलं. मला इतकं भराभरा बोलताना त्यांनी कधी ऐकलं नसेल. त्यांना ते पटलं नाही. मिस्त्रीने पाहिली ना गाडी, एवढंच म्हणाले. मलाही पूर्ण खात्री नव्हती. पण ब्रेक लागला की चाक तापतं, एवढं तर मला माहीत होतं. मी आणखी काही वेळा ब्रेक मारले, गाडी कडेला लावली आणि त्यांना खाली उतरवलं. चाकाला हात लावू नका, फक्त तळवा जवळ न्या, असं म्हटलं.

डाव्या चाकाजवळ त्यांनी तळवा नेला आणि चटकन मागे घेतला. तिथून तव्यासारखी धग येत होती. मग ते उजवीकडे गेले. तिथे त्यांचा तळवा बराच वेळ तसाच राहिला. ते परत डावीकडे आले, परत उजवीकडे गेले.

“हे तर थंडं आहे वं,” ते म्हणाले.

आम्ही तिथूनच हळूहळू मिस्त्रीकाकांकडे गेलो. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक जास्त धरतो, असं कुणालाही वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण डावा आपलं काम करत होता, उजवाच कामाला येत नव्हता. काकांनी बाबांना पेडल दाबायला सांगितलं आणि डाव्या ब्रेकची निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल केली. ब्रेक ऑइलची धार बाटलीत जोरात आली. उजवीकडची सैल केली तेव्हा बाबा पेडल दाबत होते आणि ऑइल थेंब थेंब येत होतं. काकांनी तिथला ब्रेकला ऑइल पोचवणारा रबरी होज पाइप काढला. बाहेरून तो चांगला दिसत होता, पण आतलं रबर फुगून त्याचं भोक जवळजवळ बंद झालं होतं. त्यातून बारीक तारही जाईना.

“पॅड पाहिले, पाइप नाही पाहिला,” काका स्वतःशीच म्हणाले आणि मग माझ्याकडे बोट दाखवून बाबांकडे वळले. “पोरीले गाडी देत जा, भाऊ. तुमचा हात लय शिकेल आहे, रोग लपवते तो.”

नवीन पाइप बसला, ब्रेक ऑइलमधली हवा काढली, दोन्हीकडून सारखी धार आली. बाबा स्टीअरिंगवर बसले, मी शेजारी. रिंग रोडच्या आतल्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी ब्रेक दाबला.

गाडी उजवीकडे गेली.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली. “पाहिलं? मीच आहो,” ते म्हणाले.

आणि मला हसू फुटलं. अशा वेळी हसणं बरं नव्हतं, पण मला आवरेना. मी पाहिलं होतं. ब्रेक दाबताच त्यांचा डावा हात जुन्या सवयीने बोटभर वर सरकला होता. ज्या ओढीला तो आवरत होता ती ओढ आता उरलीच नव्हती. मी त्यांना उठवून स्वतः बसले, ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग बोटांत सैल धरलं. गाडी सरळ थांबली. मग पुन्हा त्यांना बसवलं.

“बाबा, हात सैल ठेवा. तिले आता धरायची गरज नाही.”

पहिल्यांदा हात सरकलाच. दुसऱ्यांदा कमी सरकला. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ दाबून धरले, जणू हातालाच आतून दटावत होते, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध सरळ थांबली. त्यानंतर बाबांना थांबवणं कठीण झालं. थोडं पुढे जायचं आणि ब्रेक, थोडं पुढे आणि ब्रेक. मागचे रिकामे क्रेट दर वेळी धडाधड पुढे येत होते. एक बसवाला हॉर्न वाजवत, आम्हाला काहीतरी सुनावत पुढे गेला. बाबांनी त्याला हात जोडून दाखवले.

घरासमोरच्या गल्लीत वळताना शेजारची मुलं क्रिकेट खेळत होती. बाबांनी उजवा हात खिडकीबाहेर काढून त्यांना थांबायची खूण केली आणि एकट्या डाव्या हाताने स्टीअरिंग धरून ब्रेक दाबला. मी श्वास रोखून तो हात पाहत होते. तो जागचा हलला नाही. गाडी मुलांच्या स्टंपपासून चांगल्या अंतरावर, नाकासमोर सरळ उभी राहिली.

आई दारात आली होती. बाबांनी तिला खिडकीतून डावा हात दाखवला. पाच बोटं पसरून.