पदराची गाठ

तवा खाटेपाशी मी व्हते, सिझर झालेली माझी सून सुमन व्हती, तिचं चार दिवसांचं लेकरू व्हतं, साऱ्या वॉर्डाला एकलीच असलेली सिस्टर व्हती, अन् ती परदेशाची पोरगी व्हती. तिचं नाव मी इचारलंच न्हाई.

दवाखान्यात माणसं कमी, म्हनून नर्सचं शिकता शिकता ती फुकट काम कराया आल्ती. लेकराला उचलायच्या आधी तळहात चोळून गरम करायची. मराठी एकच शिकल्ती, "आजी, हात धुवा."

"पयले तुह्या झिपऱ्या बांध," मी म्हनायची. ती नुसती हसायची.

रोज ती लेकराची बेंबी पुसून कोरडी करायची. तिची पाठ फिरली की मी पदराची गाठ सोडून आमच्या धावडा गावच्या घरून आणलेली चुलीची राख तिथं लावायची. आमच्याकडं लावतेतच. दोन दिवसांत बेंबी पिकली, लेकरू तापलं. डॉक्टर त्या पोरीवर इंग्रजीत तडकले.

सिस्टर म्हनली, "बेंबी हीच पुसायची, म्हनून हिलाच बोलून राह्यले."

पोरीनं माझ्या पदराच्या गाठीकडं पाह्यलं अन् मान खाली घातली. मी ती गाठ कंबरेला खोसली.

लेकरू वाचलं. ताप उतरेपर्यंत तीच त्याच्यापाशी बसली. जाताना बी म्हनली, "आजी, हात धुवा." त्या दिवशी मी धुतले.

आता नातू शाळेत जातो. तुमचं कोणी तिकडं परदेशातल्या दवाखान्यात असलं अन् हात चोळून लेकरू उचलनारी ती दिसली, तर तिला एवढं सांगा, राख म्हातारीनं लावल्ती.